एकास ऐंशीचं दशक

ओळखीतल्या शेवटच्या लॅबवाल्याने ट्यूबवरची विडाल बंद केली. आता पट्टी, नाहीतर कार्ड.

1896 मध्ये पॅरिसच्या फर्नांद विडाल यांनी ही तपासणी मांडली. रोग्याच्या सिरममधल्या प्रतिपिंडांनी टायफॉइडचे जंतू एकमेकांना चिकटतात, एवढंच तिचं मर्म. पुढची शंभर वर्षं सोडून देतो.

माझं दशक 1998 नंतरचं. 1 जुलैला अकोल्यातून वाशीम वेगळा झाला आणि रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, जिकडे जावं तिकडे लॅबच्या पाट्या दिसू लागल्या. पट्टीवर सिरमचा थेंब, त्यावर रिएजंटचा. काडीने पसरवायचं, मिनिटभर हलवायचं, उजेडात दाणे दिसतात का बघायचं. जास्त वेळ हलवलं की थेंब कडेने सुकतो आणि नसलेले दाणेही दिसतात. ट्यूबची विडाल 37 अंशांवर रात्रभर ठेवावी लागे. एवढा धीर कुणाला?

सिरम किती पट पातळ करूनही जंतू चिकटतात, तो विडालचा आकडा. खरं तर तसल्या एका आकड्याने काही ठरत नाही. आठ-दहा दिवसांनी दुसरा नमुना घ्यावा, चौपट वाढ दिसली तर बोलावं. पहिल्या आठवड्यात प्रतिपिंड पुरेसे नसतात. उलट जुना टायफॉइड, लस, मलेरियासुद्धा आकडा चढवतात. पण दुसरा नमुना द्यायला आलेला माणूस मी पाहिला नाही. 'एकास ऐंशी' म्हटलं की सलाईन लागलीच. एक डॉक्टर चिठ्ठीवर विडाल लिहून खाली रेघ ओढत; लॅबवाल्याला ती रेघ वाचता येई. सोयाबीन घरात यायच्या आधीच त्याचे पैसे बाटलीतून थेंब थेंब उतरत.

जून 2012 मध्ये केंद्राने क्षयरोगाच्या अशाच रक्तचाचण्यांवर बंदी घातली. विडाल सुटली. 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेने टायफॉइडची नवी लस मुलांना द्यायला घेतली, तेव्हाही आमच्याकडे दाणेच मोजणं चालू होतं.

जंतूवर कोणतं औषध चालेल, हे विडाल सांगत नाही. त्याला रक्ताचं कल्चर लागतं, तेही अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी. सिप्रोफ्लॉक्सासिनला जंतू दाद देईनासा झाल्यावर तर ते टाळून चालतच नाही. परवा एका काउंटरवर कल्चरचं विचारलं.

"बाहेर पाठवा लागते, काका. पाच-सहा दिवस लागतील," पोरगा म्हणाला. "तवर विडाल करून घ्या ना."