खाडी, खिंड आणि किल्ला : नवी मुंबईहून दोन दिवसांची सफर

सुट्टी आली की घरात एकच प्रश्न निघतो, जायचे कुठे? मुलांना गाडीतून लांब जायचे असते, थोरांना गर्दी नको असते आणि खिशालाही फार ताण सोसत नाही. नवी मुंबईत किंवा आसपास राहणाऱ्या कुटुंबांसाठी आम्ही एक वाट सुचवतो. ती घराजवळच्या खाडीवर सुरू होते आणि मुरूडच्या समुद्रात जंजिऱ्याला संपते. मोबाइलचा कॅमेरा सर्वांकडे असतोच. त्याचा चांगला वापर कसा करावा, हेही वाटेवरच पाहू.

घराजवळचे पाहुणे

पहिला थांबा सीवूड्स-नेरुळचा. टी. एस. चाणक्यच्या मागची पाणथळ जागा आणि डीपीएस शाळेजवळचा तलाव येथे नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, उतरतात. गडद तांबडी चोच असलेला लहान रोहित, आणि गुलाबी चोचीचे टोक तेवढे काळे असलेला मोठा रोहित. मुलांना एवढी खूण सांगितली तरी ती तासभर ओळखत बसतात. थव्यात राखाडी पक्षी दिसले तर ती पिल्ले समजावीत. शेवाळ आणि बारीक जीव खाता खाता त्यांच्या पिसांना गुलाबी रंग येतो, आणि त्याला दोन-तीन वर्षे लागतात.

येथे घड्याळापेक्षा भरतीची वेळ महत्त्वाची आहे. ओहोटीला पक्षी ठाण्याच्या खाडीतील चिखलावर विखरून चरतात. भरतीने चिखल बुडाला की ते विसाव्यासाठी या तलावांवर येतात. आपल्या घरांत चांदाची तारीख माहीत असते, तिचा येथे उपयोग होतो. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत भरती साधारण बाराच्या सुमारास येते आणि पुढे रोज पाऊण तासाने उशिरा होते. म्हणून चांदाच्या 3 ते 5 आणि 18 ते 20 या तारखांना भरती दुपारी उशिरा, असरच्या आगेमागे येते. तेव्हा ऊनही मऊ असते. हा फक्त अंदाज आहे. निघण्यापूर्वी भरतीचे वेळापत्रक पाहून घ्यावे.

फोटो काढताना सूर्य पाठीशी ठेवावा आणि मोबाइल कठड्यावर टेकवून धरावा. पक्षी लहान दिसले तरी चालेल, पाणी आणि थवा मिळून चित्र पुरे होते. उडणारा थवा टिपण्यासाठी काही जण टाळ्या वाजवतात, दगड मारतात, ड्रोन सोडतात. भरतीच्या वेळी पक्ष्यांना बसायला दुसरी जागा उरलेली नसते. उडवले तर ते घिरट्या घालून थकतात आणि परतीच्या प्रवासासाठी साठवलेली ताकद वाया जाते. आपल्या एका फोटोसाठी हे करू नये, आणि मुलांनाही करू देऊ नये.

ज्यांना खाडीत आत जायचे आहे त्यांनी ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीची चौकशी करावी. ठाणे खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

कर्नाळ्याची खिंड

पनवेल सोडून गोवा महामार्गाला लागले की सुमारे बारा किलोमीटरवर कर्नाळा येते. अंगठ्यासारखा उभा सुळका लांबूनच दिसतो. 1968 पासून हे पक्षी अभयारण्य आहे. पहाटे पोहोचावे, कारण ऊन चढले की पक्षी झाडीत गप्प होतात. येथे फोटोपेक्षा कान लावून ऐकण्यात गंमत आहे. शीळकरी कस्तूराची शीळ ऐकली तर माणूसच गुणगुणतो आहे असे वाटते. वयस्कर मंडळींनी खालच्या पायवाटेवर बसावे, किल्ल्याची चढण तरुणांवर सोडावी.

किहीमचे सलीम अली

पेण ओलांडून वडखळला उजवीकडे वळले की अलिबागचा रस्ता लागतो. पेणला पोह्याचे पापड घेता येतात. अलिबागच्या अलीकडे किहीम आहे. समुद्रकिनाऱ्यासाठी पुष्कळ लोक येथे येतात, पण या गावाची खरी ओळख मुलांना सांगण्यासारखी आहे.

डॉ. सलीम अली यांचा जन्म मुंबईत 12 नोव्हेंबर 1896 रोजी झाला. आई-वडील लहानपणीच वारले, मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. पुढे जर्मनीत पक्षिशास्त्र शिकून ते 1930 मध्ये परतले, तेव्हा हातात नोकरी नव्हती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमच्या छोट्या घरात राहू लागले. जवळच सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबत होती. रिकामपणाला दोष देत न बसता ते रोज ती घरटी पाहत राहिले.

त्यांना दिसले ते असे. घरटे विणतो तो नर. अर्धे झाले की मादी येऊन पाहणी करते. पसंत पडले तर ती त्यात राहते आणि नर ते पूर्ण करतो. मग तो दुसरे घरटे बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. मराठीने त्या पक्ष्याला सुगरण हे बाईचे नाव दिले, पण विणकर निघाला नर! या अभ्यासाने त्यांचे नाव झाले. 1941 मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक आले, 1976 मध्ये पद्मविभूषण मिळाले. बेकारीच्या दिवसांत घराजवळच्या झाडाकडे धीराने पाहणाऱ्या या माणसाची गोष्ट आपल्या घरातील तरुणांना जरूर सांगावी.

जंजिऱ्याचा पाण्यातला तट

अलिबागहून रेवदंडा आणि काशीद मार्गे मुरूड गाठावे. समुद्र शेजारून चालतो, म्हणून चालकाला फोटो दाखवत बसू नये. काशीदच्या पाण्यात ओढ असते, मुलांचा हात सोडू नये. मुक्काम मुरूडला करावा.

सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीने किल्ल्यावर जाता येते. जंजिरा हे नाव अरबी जझीरा, म्हणजे बेट, या शब्दावरून आले. सिद्दींचा हा किल्ला कोणालाही जिंकता आला नाही आणि त्यांचे संस्थान 1948 पर्यंत टिकले. चारी बाजूंना खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याचे तलाव, हे मुलांना दाखवावे. किल्ला किनाऱ्याच्या पश्चिमेला आहे. म्हणून सकाळी तट उजळलेला दिसतो आणि संध्याकाळी त्याची काळी आकृती मिळते. पावसाळ्यात होड्या बंद असतात, आणि शुक्रवारी जुम्याच्या वेळेची चौकशी आधी करावी.

निघण्यापूर्वी

नमाजच्या वेळा आणि वाटेतील मशिदी आदल्या रात्री पाहून ठेवाव्यात. पनवेल, पेण, अलिबाग, मुरूड येथे थांबता येते. कसरचा मसला आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावा, कोकणात शाफई आणि हनफी दोन्ही घरे आहेत. जेवणाचा डबा आणि पाणी बरोबर असले की हलालची चिंता राहत नाही.

अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला. जवळजवळ 22 किलोमीटरचा हा पूल डोळ्यांत भरतो, पण त्यावर गाडी थांबवून फोटो काढण्यास मनाई आहे. वेगाने येणाऱ्या गाडीला थांबलेली गाडी उशिरा दिसते. पाम बीच रस्त्यावरही हेच लक्षात ठेवावे. खारघरच्या पांडवकड्यावर पावसाळ्यात बंदी असते, तरी तरुण चोरून जातात आणि काही जण परत येत नाहीत. घरातल्या मोठ्यांनी येथे ठाम नकार द्यावा.

घरातील स्त्रियांचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय कोणाला पाठवू नये. दुसऱ्या कुटुंबाच्या चौकटीत आपला कॅमेरा जाऊ देऊ नये. आणि परत येईपर्यंत स्टेटस ठेवू नये, कारण घर रिकामे आहे हे सगळ्यांना कळते.

शेवटी एक काम. 2024 मध्ये डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, तलाव कोरडा पडला आणि पक्षी भरकटले. रहिवाशांनी आवाज उठवला. 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या सुमारे 30 एकर जागेला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मंजुरी दिली. म्हणून जेव्हा जाल तेव्हा तलावाचा एक साधा फोटो काढा, त्यावर तारीख लिहा आणि जपून ठेवा. पाणी कमी झाले, भराव पडला, तर दाखवायला तोच उपयोगी पडेल.