गारठ्याच्या भरवशावर जगणारा मासा

१६३९ साली मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीच्या सभेने एक हुकूम काढला: कॉड आणि बास हे दोन मासे यापुढे शेतात खत म्हणून घालायचे नाहीत. असा हुकूम काढावा लागला, त्या अर्थी लोक ते घालत होते. मक्याच्या आळ्यात पुरून टाकावा इतका हा मासा तेव्हा किनाऱ्याला लागत असे. पुढे १६७० मध्ये शेजारच्या प्लिमथ वसाहतीने केप कॉडच्या बास, मॅकरेल आणि हेरिंग या माशांचे उत्पन्न मोफत शाळेसाठी लावून दिले. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याचा इतिहास लिहायचा तर या माशाला वगळून लिहिता येत नाही.

हा बास म्हणजे स्ट्राइप्ड बास. शास्त्रीय नाव मोरोने सॅक्सॅटिलिस. चंदेरी अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळपट रेघा असतात. न्यू इंग्लंडमध्ये त्याला लाडाने ‘स्ट्रायपर’ म्हणतात, चेसापीक उपसागराकाठी ‘रॉकफिश’. तो तीस वर्षांपर्यंत जगू शकतो आणि मोठी मादी वीस किलोंच्याही पुढे जाते.

मी मत्स्यशास्त्राची विद्यार्थिनी नव्हे. दाभोळच्या खाडीत गरवणाऱ्या वडिलांच्या मागे होडीत बसून जे कानावर पडले, तेवढेच माझे शिक्षण. मुलगी न्यू जर्सीत स्थायिक झाल्यावर तिकडे येणेजाणे सुरू झाले. हा मासा आणि त्याच्यापायी वेडी झालेली माणसे दृष्टीस पडली, आणि गेली आठ-नऊ वर्षे मी मोजणीचे तक्ते, आयोगांचे अहवाल आणि गरवणाऱ्यांची पुस्तके वाचत आले. या लेखाचा विषय मर्यादित आहे. हंगामाच्या अखेरीस, थंड पाण्यात, पिसांच्या खोट्या आमिषाने हा मासा कसा गरवतात आणि थंडीचा त्याच्या जगण्यामरण्याशी काय संबंध आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी त्याच्या प्रवासाविषयी. आपल्या रायगडच्या खाड्यांतला जिताडा अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे, खाडीच्या मुखाशी उतरतो आणि त्याची पिल्ले वर गोडसर पाण्यात वाढतात. स्ट्राइप्ड बासचे याच्या उलट आहे. तो राहतो समुद्रात आणि वसंत ऋतूत अंडी घालायला नद्यांमध्ये चढतो. चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्या, डेलावेअर आणि हडसन ही त्याची मुख्य माहेरघरे. किनारी समुद्रातले बहुसंख्य बास चेसापीकमध्ये जन्मलेले असतात. अंडी प्रवाहात तरंगत राहावी लागतात; तळाच्या गाळात बसली तर गुदमरून मरतात. दोनेक दिवसांत पिल्ले बाहेर येतात.

अंडी घालून झाल्यावर मोठे मासे, त्यातही मुख्यतः माद्या, किनाऱ्याने उत्तरेकडे निघतात आणि उन्हाळा न्यू इंग्लंडमध्ये, पार मेनपर्यंत काढतात. सप्टेंबरपासून पाणी निवू लागले की परतीची वाट धरतात. ऑक्टोबरात मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंड, मग लाँग आयलंडचे मोंटॉक टोक, नोव्हेंबर-डिसेंबरात न्यू जर्सी, आणि तिथून दक्षिणेकडचा हिवाळी समुद्र. आपल्याकडे आकाशकंदील लागतात त्या सुमारास न्यू जर्सीच्या वाळूवर या परतीच्या फेरीचा भर असतो. काही मासे मात्र, बहुधा लहान वयाचे, समुद्रात जातच नाहीत. ते हडसन किंवा कनेटिकटमधल्या थेम्स अशा नद्यांच्या खोल डोहांत हिवाळा काढतात.

आता फ्लाय फिशिंगविषयी. साध्या गरवण्यात वजन आमिषाला किंवा शिशाला असते आणि दोरी त्याच्यामागून जाते. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष पिसांचे, फुंकरीने उडेल असे. म्हणून वजन दोरीतच घालतात. लेप दिलेली जाडसर दोरी नऊ फुटी लवचीक काठीने हवेत मागे-पुढे खेळवून लांबवायची आणि सोडायची. तिच्याबरोबर आमिष जाते. मुळात हा प्रकार नदीतल्या ट्राउटसाठी निघाला. पाण्यावर बसणाऱ्या किड्यांसारखी आमिषे बांधत, म्हणून ‘फ्लाय’. समुद्रातला बास लहान मासे, कोळंबी आणि खेकडे खातो. तेव्हा इथे नाव माशीचे राहिले आणि सोंग मासळीचे आले.

या सोंगांना त्यांचा इतिहास आहे. मेरीलँडच्या लेफ्टी क्रे यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस चेसापीकमधल्या याच माशासाठी ‘लेफ्टीज डिसीव्हर’ बांधला. गळाच्या मागच्या टोकाला कोंबड्याची लांब पिसे आणि पुढे हरणाच्या शेपटीच्या केसांची झालर, एवढाच ऐवज; पण पाण्यात ओढला की जिवंत मासा वळवळावा तसा दिसतो. १९९१ साली अमेरिकी टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात गळाच्या दांड्यावर डंबेलसारखे शिशाचे डोळे बांधले. त्यामुळे आमिष डोक्यावर बुडते, दोरी ओढली की उसळते, थांबली की पुन्हा बुडते. थंडीत खोलवर बसलेल्या माशापर्यंत पोहोचायला हे फार उपयोगी पडते.

हंगामाच्या अखेरीस सगळे डावपेच बदलतात, कारण मासाच बदललेला असतो. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर वरखाली होते. पाणी दहा अंशांनी निवले की शरीरातल्या क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर येतो. भूक कमी, पचन संथ, आणि पाठलागाला लागणारी ताकद खर्चणे परवडत नाही. ऑक्टोबरात पृष्ठभागावर मेनहेडनच्या पिल्लांचे थवे उधळून लावणारा हा मासा डिसेंबरात तळाशी, प्रवाहाचा जोर कमी असेल अशा आडोशाला थांबतो. समोर अलगद वाहत आले तरच तोंड उघडतो.

न्यू जर्सीतल्या आयलंड बीच स्टेट पार्कच्या सुमारे सोळा किलोमीटरच्या मोकळ्या किनाऱ्यावर एका नोव्हेंबरात मी एका वयस्क गृहस्थांना गरवताना पाहिले. त्यांनी दोरी सोडण्याआधी पाण्यात थर्मामीटर सोडला. “पन्नासच्या वर आहे. अजून धावतील,” ते म्हणाले. फॅरनहाइटचे ५० म्हणजे आपले १० अंश सेल्सिअस. त्याखाली पारा उतरला की ते बुडती दोरी लावतात. लेपात टंगस्टनची पूड मिसळलेली ही दोरी तळाकडे जाते. मग सँड ईल नावाच्या पेन्सिलीसारख्या बारीक मासळीच्या सोंगाचा लहान फ्लाय अगदी सावकाश, मध्ये थांबत थांबत ओढायचा. अशा पाण्यात मासा झटका देत नाही. दोरी नुसती जड होते, ओले फडके अडकल्यासारखी. बोटे बधिर झालेली असताना तो जडपणा ओळखणे हेच सगळे कसब.

नदीच्या मुखाशी आणखी एक गोष्ट कळावी लागते. खारे पाणी जड, ते तळाला शिरते. गोडे पाणी वरून वाहते. हिवाळ्यात वरचे नदीचे पाणी गोठायला आलेले असते आणि खालचे समुद्राचे पाणी त्या मानाने उबदार असते. डोहातले मासे या खालच्या थरात दाटीने बसतात. भरतीबरोबर हा थर वर सरकतो, सुकतीला खाली उतरतो, आणि मासे त्याच्याबरोबर. ज्याला भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाठ आहे, त्याला मासे कुठे आहेत हे पाणी न पाहताही सांगता येते.

इथेच माझ्या विषयाची खरी अडचण सुरू होते. फ्लायने गरवणारे बहुतेक लोक मासा घरी नेत नाहीत. पकडतात आणि सोडतात. त्यामुळे आपल्या हातून काही नुकसान होत नाही अशी त्यांची समजूत असते. पण सोडलेला प्रत्येक मासा जगत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या एका खाऱ्या पाण्याच्या बंदिस्त तळ्यात यावर अभ्यास झाला. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सोडलेल्या माशांपैकी सरासरी ९ टक्के मेले. परिस्थिती उत्तम असेल तर ३ टक्के आणि सर्वांत वाईट असेल तर २६ टक्के, असा अंदाज निघाला. गळ ओठात लागला की घशात, गरवणारा सरावाचा की नवखा, यावर बरेच अवलंबून होते. ९ टक्के हा आकडा लहान वाटतो. पण वर्षाला कोट्यवधी मासे सोडले जातात तेव्हा तो लहान राहत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये माणसाच्या हातून मेलेल्या एकूण बासपैकी निम्मे सोडल्यानंतर मेलेले होते, असे आयोगाचा हिशेब सांगतो.

थंडीचे महत्त्व इथे कळते. झुंजीत माशाचे स्नायू प्राणवायूविना काम करतात, अंगात आम्ल साठते आणि ते निवारायला नंतर भरपूर प्राणवायू लागतो. गोड्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ५ अंशांना १२.८. समुद्राच्या पाण्यात दोन्ही आकडे कमी, पण फरकाची दिशा तीच. म्हणजे उन्हाळ्यात माशाची गरज जास्त आणि पुरवठा कमी; हिवाळ्यात गरज कमी आणि पुरवठा जास्त. मेरीलँडने २०२१ पासून काही वर्षे जुलैच्या उत्तरार्धात चेसापीकमध्ये हा मासा पकडून सोडण्यासाठीही गरवायला बंदी केली, ती याच कारणाने. नोव्हेंबरच्या थंड पाण्यात, एकाच गळाच्या आणि उलटा काटा चेपलेल्या फ्लायवर आलेला मासा जगण्याची शक्यता सगळ्यात चांगली. हवा शून्याखाली असेल तेव्हा मात्र त्याला पाण्याबाहेर काढूच नये. ओले कल्ले गोठतात.

एवढी काळजी का, याचे उत्तर अलीकडच्या इतिहासात आहे. १९७३ मध्ये या माशाची व्यापारी पकड १४७ लाख पौंड होती. दहा वर्षांत ती १७ लाखांवर आली. १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने खास या एका माशासाठी कायदा केला आणि १९८५ पासून मेरीलँडने पकड संपूर्ण बंद केली. १९८२ साली जन्मलेल्या माद्यांना एकदा तरी अंडी घालू द्यायची, हे त्या काळच्या योजनेचे सूत्र होते. कोळ्यांनी हाल सोसले, गरवणाऱ्यांनी काठ्या भिंतीला टेकवल्या. १९९० मध्ये मर्यादित मासेमारी पुन्हा सुरू झाली आणि १९९५ मध्ये मासा सावरल्याची घोषणा झाली. माणसाने हात आवरला की समुद्र भरून येतो, याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

पण २०१९ मध्ये पुन्हा तोच निर्वाळा आला: प्रमाणाबाहेर मासेमारी झाली आहे. २०२३ मध्ये समुद्रात गरवणाऱ्यांनी फक्त २८ ते ३१ इंचांचा मासा ठेवावा, असा तातडीचा नियम निघाला. या वेळी नुसता हात आवरून भागेल का, ही शंका आहे, आणि तिचे कारणही थंडीच आहे. मेरीलँडमध्ये १९५४ पासून दर उन्हाळ्यात आपल्या रापणीसारखे शंभर फुटी जाळे ठरलेल्या जागी ओढून त्या वर्षीची पिल्ले मोजतात. एका ओढीला सरासरी किती, तो त्या वर्षाचा निर्देशांक. दीर्घकालीन सरासरी ११ च्या आसपास. १९९६ मध्ये तो ५९ वर गेला होता. २०२३ मध्ये १ वर आला. २०१९ पासून सलग काही वर्षे तो सरासरीच्या खूप खाली राहिला. चांगली वर्षे बहुधा कडक हिवाळा आणि ओला वसंत यांच्या पाठोपाठ येतात. शास्त्रज्ञ त्याचा अर्थ असा लावतात की हिवाळा कडक असला तर पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचा बहर उशिरा येतो आणि नुकत्या जन्मलेल्या पिल्लांच्या तोंडी लागतो. उबदार हिवाळ्यात तो आधीच येऊन ओसरतो. पिल्ले जन्मतात तेव्हा ताट रिकामे असते.

म्हणून माझे मत असे की हंगामाच्या अखेरीस गरवणाऱ्यांनी दोन जागा वेगळ्या मानाव्यात. नोव्हेंबरच्या मोकळ्या समुद्रात, वाटेने जाणाऱ्या माशाला गाठून सोडून द्यावे. त्या दिवसांत ही हौस माशाला सर्वांत कमी महाग पडते. नदीच्या डोहात दाटीने बसलेल्या, अजून एकदाही अंडी न घातलेल्या माशांना मात्र सोडून द्यायलाही पकडू नये. तिथे तोच मासा पुन्हा पुन्हा गळाला लागू शकतो. नियमही थोडेफार याच दिशेने आहेत. हडसनचा हंगाम ३० नोव्हेंबरला संपतो, न्यूयॉर्कच्या समुद्रातला १५ डिसेंबरला, आणि न्यू जर्सीतल्या खाड्या व नद्या जानेवारी-फेब्रुवारीत बंद असतात. पण कनेटिकटच्या डोहांकाठी हा निर्णय बराचसा गरवणाऱ्याच्या मनावरच सोपवलेला आहे.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा परतीचे थवे न्यू जर्सीसमोरून दक्षिणेकडे सरकत असतील. त्यांच्यातल्या माद्यांच्या पोटात पुढच्या वसंताची अंडी तयार होत असतील. चेसापीकवर हिवाळा किती कडक पडला, ते पुढच्या जुलैत रापण ओढली जाईल तेव्हा कळेल.