रिपीटरवर आधी कान, मग तोंड



तुम्हाला किंवा तुमच्या घरातील मुलामुलीला हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना मिळाला असेल तर प्रथम अभिनंदन! वयाची १२ वर्षे पूर्ण झाली की ही परीक्षा देता येते आणि रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी मोर्सची अटही नाही. परवाना आला, व्हीयू३ने सुरू होणारे संकेतनाव मिळाले, पाच वॉटचा हातातला संच आला. पुढे काय? बहुतेक नवी मंडळी पहिल्यांदा रिपीटरवर येतात. तेथे कसे वागावे, ते आज पाहू.

हातातल्या संचाचा आवाज सपाट रानात चार-सहा किलोमीटर जातो. मध्ये टेकडी आली की तेवढाही नाही. माळ्यावरचा राखणदार खालच्याची हाळी ऐकून पलीकडच्या शिवारात पोचवतो ना? रिपीटर तेच करतो. तो उंच डोंगरावर असतो, एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर जास्त ताकदीने बोलतो. मग तालुका ओलांडूनही बोलणे होते.

संचात तीन गोष्टी नीट भराव्यात. पहिली, रिपीटर ज्यावर बोलतो ती वारंवारता. दुसरी, फरक. आपल्याकडे दोन मीटर पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा आहे आणि त्यात बहुधा ६०० किलोहर्ट्झ खाली बोलावे लागते. रिपीटर १४५.२०० वर ऐकू येत असेल, तर तुमचा संच बटण दाबताच १४४.६०० वर गेला पाहिजे. तिसरी गोष्ट टोन. हा कानाला न जाणवणारा बारीक सूर असतो, जणू कुलपाची किल्लीच. तो जुळला नाही तर रिपीटर उघडत नाही. तुमच्या भागातील आकडे जवळच्या जुन्या हॅमकडून घ्यावेत. सगळे ऐकू येते पण आपल्याला कोणी उत्तर देत नाही, असे झाले तर आधी फरक आणि टोन तपासावा. पत्र्याच्या घरात बसून बोलू नये. अंगणात किंवा माळवदावर यावे आणि अँटेना उभी धरावी.

आता मुख्य गोष्ट, आणि ती माझ्या चुकीतून सांगतो. परवाना नवा होता तेव्हा पावसाळ्यात एका संध्याकाळी मी व माझा मित्र रिपीटरवर पावसाच्या गप्पा मारत होतो. त्याने बटण सोडले की मी दाबायचा, मी सोडले की तो. मध्ये श्वासाचीही जागा नव्हती. पंधरा मिनिटांनी मी पाणी प्यायला थांबलो, तेव्हा एक क्षीण आवाज आला, "ब्रेक, ब्रेक, इमर्जन्सी." ओढ्यापलीकडच्या वस्तीवर बाळंतीण अडकली होती, फोन बंद होते आणि त्या हॅमची बॅटरी संपत आली होती. तो इतका वेळ आम्ही थांबण्याची वाट पाहत होता. निरोप पोचला, नाव गेली, बाई सुखरूप आली. पण ती पंधरा मिनिटे मला आजही टोचतात.

म्हणून सांगतो, रिपीटर म्हणजे पाटाचे पाणी. ते पाळीने घ्यायचे असते. निदान आठवडाभर नुसते ऐका. बोलताना बटण दाबून क्षणभर थांबा, संकेतनाव सांगा आणि "ऐकतो आहे" एवढे म्हणा. समोरच्याचे संपले की दोन-तीन सेकंद जागा सोडा, मगच बोला. लांबण लावू नका. पुष्कळ रिपीटर ठरावीक वेळेनंतर बोलणे आपोआप तोडतात. "ब्रेक" ऐकताच गप्प व्हा. मित्र जवळच असेल तर रिपीटर सोडून थेट वारंवारतेवर या.

आणखी एक. कांद्याचा भाव, टेम्पोचे भाडे, बियाण्याची मागणी असले व्यापारी बोलणे येथे चालत नाही. गाणी, जाहिराती व सांकेतिक भाषाही नाही. परवान्याशिवाय घरातल्या कोणीही बटण दाबू नये.

डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅम पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. अंदमानातील लोकांचे निरोप त्यांच्या संचावरून मुख्य भूमीवर पोचले. ते काम लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्हचे होते. रिपीटरचे काम जवळपासच्या गावांचे. पण शिस्त एकच, आणि ती पूर आल्यावर शिकता येत नाही.

तेव्हा संच चार्ज ठेवा, रोज थोडा वेळ ऐका आणि बोलताना जागा सोडा. त्या जागेतूनच एखाद्याची हाक येईल.