सादरीकरणातील स्टॉक व्हिडिओ ओव्हरले व मास्क : तंत्र, पूर्वपरंपरा आणि अध्यापकाची जबाबदारी

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापनात संगणकीय सादरीकरणाचा वापर आता नवलाईचा राहिलेला नाही. १९८७ साली फोरथॉट या कंपनीने मॅकिंटॉश संगणकासाठी पॉवरपॉइंट हे सॉफ्टवेअर आणले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. आरंभी या साधनाचा उपयोग मुख्यतः ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका तयार करण्यापुरता होता. पुढे त्यात रंग, ध्वनी व चित्रफीत यांची भर पडली. आज स्लाइडच्या मागे वाहणारी नदी, अक्षरांच्या आतून दिसणारे पीक, चित्रावर पडणारा पाऊस असे परिणाम ग्रामीण भागातील महाविद्यालयांच्या सादरीकरणांतही आढळतात. हे परिणाम साधण्यासाठी जी दोन तंत्रे वापरली जातात त्यांना ओव्हरले व मास्क असे म्हणतात. प्रस्तुत लेखात या तंत्रांची संकल्पना, त्यांची पूर्वपरंपरा, त्यामागील गणित व प्रत्यक्ष कृती यांचा परिचय करून देऊन, अध्यापनात ती वापरताना पाळावयाच्या मर्यादांचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. संकल्पना

ओव्हरले म्हणजे मूळ चित्रावर पसरलेला अर्धपारदर्शक थर. खिडकीवरील पातळ पडद्यातून बाहेरचे झाड दिसते, परंतु पडद्याच्या रंगाची छटा त्या झाडावर येते. ओव्हरलेचे कार्य असेच असते. मास्क म्हणजे चित्राचा कोणता भाग दिसावा व कोणता झाकला जावा हे ठरविणारा साचा. अंगणात रांगोळीचा छाप ठेवून त्यावर रांगोळी चाळली की छिद्रांच्या जागीच नक्षी उमटते व उरलेली जमीन कोरी राहते. मास्क हा असाच छाप होय. फरक इतकाच की येथे रांगोळीच्या जागी चित्रफीत असते.

स्टॉक व्हिडिओ म्हणजे कोणीतरी आधीच चित्रित करून सर्वांच्या वापरासाठी विनामूल्य वा मोबदला घेऊन उपलब्ध केलेली तयार चित्रफीत. धूर, पाऊस, धूलिकण, प्रकाशाची तिरीप, जुन्या फिल्मवरील ओरखडे अशा चित्रफिती ओव्हरले म्हणून विशेष प्रचलित आहेत.

२. पूर्वपरंपरा

ही तंत्रे संगणकासोबत जन्मली असा समज सर्वत्र आढळतो; तथापि महाराष्ट्रापुरते पाहिले तरी तो टिकत नाही. कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी मदनराव पितळे यांच्या सहकार्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, १८९२ च्या सुमारास, ‘शांभरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले. शंबर हा पुराणातील मायावी असुर. त्याच्या नावावरून आलेले हे नामाभिधान खेळाचे स्वरूप नेमके सांगते. काचेवर हाताने रंगविलेली पौराणिक चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर टाकली जात. सोबत निवेदन व संगीत असे. पटवर्धनांच्या पुत्रांनी ही परंपरा पुढे चालविली. आजच्या भाषेत बोलावयाचे तर हा निवेदनासह केलेला स्लाइड शो होता.

जादूच्या दिव्याच्या काचपट्टीत मास्कचे तत्त्व स्पष्ट दिसते. सरकत्या पट्टीत दोन काचा असत. एका काचेवर आकृतीच्या दोन अवस्था रंगविलेल्या असत आणि दुसऱ्या काचेवर काळ्या रंगाचे ठिपके वा पट्टे असत. दुसरी काच सरकविली की एक अवस्था झाकली जाई, दुसरी उघडी पडे आणि प्रेक्षकास हात हलल्याचा भास होई. चित्राभोवतीची काच काळी रंगविल्यामुळे आकृती अंधारात अधांतरी उभी असल्यासारखी दिसे.

चित्रपटाच्या आगमनानंतर दादासाहेब फाळके यांनी हीच माया फिल्मवर आणली. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) नंतरच्या ‘लंकादहन’ (१९१७), ‘कालिया मर्दन’ (१९१९) या पौराणिक चित्रपटांतील चमत्कारदृश्ये कॅमेऱ्यातील करामतींवर उभी होती. भिंगासमोर काळा अडसर धरून चौकटीचा एक भाग कोरा ठेवायचा, फिल्म मागे फिरवून त्या कोऱ्या भागावर दुसरे दृश्य घ्यावयाचे, ही त्या काळातील सर्वपरिचित पद्धत. हा अडसर म्हणजे मास्क, आणि एकाच फिल्मवरील दुहेरी प्रकाशन म्हणजे ओव्हरले.

अलीकडच्या काळात फोटोडेक्स कंपनीच्या ‘प्रोशो’ या सॉफ्टवेअरने थर व मास्क यांची सोय सर्वसामान्य छायाचित्रकाराच्या आवाक्यात आणली. लग्नसमारंभाच्या चित्रफितींत हृदयाच्या वा फुलाच्या आकारात दिसणारे वधूवरांचे छायाचित्र हे या सुविधेचेच फलित होय. ही कंपनी ३१ जानेवारी २०२० रोजी बंद झाली. एकाच सॉफ्टवेअरच्या विशिष्ट स्वरूपात जतन केलेले काम त्या सॉफ्टवेअरसोबत संकटात येते, हा त्यातील बोध अध्यापकांनीही लक्षात घ्यावा. मूळ फाइलबरोबरच अंतिम सादरीकरणाची एमपी-४ प्रत ठेवणे इष्ट ठरते.

३. गणिती आधार

संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक बिंदूची तेजस्विता ० ते २५५ या अंकांत नोंदविली जाते. वरच्या थराची अपारदर्शकता ‘अल्फा’ या ० ते १ मधील संख्येने दर्शवितात. थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी १९८४ साली मांडलेल्या पद्धतीनुसार अपारदर्शक पार्श्वभूमीवरील मिश्रणाचे साधे सूत्र असे :

दिसणारा बिंदू = (अल्फा × वरचा थर) + (१ − अल्फा) × खालचा थर

उदाहरणार्थ, खालच्या चित्रफितीतील बिंदू १८० असेल आणि त्यावर ५० टक्के पारदर्शक काळा थर टाकला, तर दिसणारा बिंदू ९० होईल. याचा वाचनीयतेवरील परिणाम लक्षणीय आहे. १८० च्या करड्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांचे तेजोगुणोत्तर सुमारे २.१ येते, ९० च्या पार्श्वभूमीवर ते सुमारे ६.९ होते. संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी प्रचलित असलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सामान्य आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ हे गुणोत्तर अपेक्षिले आहे. म्हणजेच चित्रफितीवर थेट लिहिलेला मजकूर मागच्या बाकावरील विद्यार्थ्यास दिसेनासा होतो आणि एका साध्या काळ्या थराने तो वाचनीय होतो. दुपारच्या वेळी, खिडक्यांना पडदे नसलेल्या वर्गात या फरकाचे महत्त्व अधिकच जाणवते.

येथे एका नेहमीच्या अडचणीचे कारणही उलगडते. धूर, पाऊस वा ठिणग्या यांच्या बहुसंख्य स्टॉक चित्रफिती काळ्या पार्श्वभूमीवर असतात. त्या ‘स्क्रीन’ नावाच्या मिश्रणपद्धतीसाठी तयार केलेल्या असतात. या पद्धतीत दोन्ही थरांच्या उलट किमतींचा गुणाकार करून पुन्हा उलट किंमत घेतली जाते. त्यामुळे काळा बिंदू खालच्या चित्रात काहीही बदल करीत नाही व केवळ उजळ भाग शिल्लक राहतो. पॉवरपॉइंटमध्ये ही मिश्रणपद्धती नाही. म्हणून तेथे अशी चित्रफीत टाकली की काळा आयत सर्व स्लाइड झाकून टाकतो. यावर उपाय म्हणजे केडेनलाइव्ह वा शॉटकट यांसारख्या विनामूल्य, मुक्त स्रोत चित्रफीत-संपादकात दोन्ही थर आधी एकत्र करावेत आणि तयार झालेली एकच चित्रफीत स्लाइडमध्ये घालावी.

४. प्रत्यक्ष कृती

पॉवरपॉइंटच्या २०१० च्या आवृत्तीपासून चित्रफीत सादरीकरणातच अंतर्भूत करता येते व तिच्यावर आकृती आणि मजकूर यांचे थर ठेवता येतात. त्यामुळे पुढील तीन प्रकार अध्यापकास सहज करता येतील.

(अ) वाचनीयतेसाठी ओव्हरले : स्लाइडवर चित्रफीत घालून ती पूर्ण आकाराची करावी, ती आपोआप सुरू होईल व थांबवेपर्यंत पुन्हा पुन्हा चालेल अशी योजना करावी आणि तिचा आवाज बंद करावा. तिच्यावर स्लाइडएवढा काळा आयत काढून त्याची पारदर्शकता ४० ते ५० टक्के ठेवावी. मजकूर सर्वांत वरच्या थरात असावा.

(आ) अक्षरांचा मास्क : चित्रफितीवर स्लाइडएवढा अपारदर्शक आयत काढावा व त्यावर जाड ठशात शब्द लिहावा. प्रथम आयत व नंतर शब्द निवडून ‘मर्ज शेप्स’मधील ‘सबट्रॅक्ट’ ही आज्ञा द्यावी. ही सोय २०१३ व त्यापुढील आवृत्त्यांत सहज सापडते. अक्षरांच्या जागी छिद्रे पडून त्यांतून चित्रफीत दिसू लागते. निवडीचा क्रम चुकल्यास परिणाम उलटा होतो. या कृतीनंतर अक्षरांची आकृती बनते, म्हणून दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी ती बिघडत नाही. मात्र शुद्धलेखनाची दुरुस्ती नंतर करता येत नाही. वेलांट्या, मात्रा व जोडाक्षरे आधीच तपासून घ्यावीत.

(इ) लक्ष वेधणारा मास्क : हा प्रकार अध्यापनात सर्वाधिक उपयुक्त आहे. आपल्या जिल्ह्यातील औंढा नागनाथ मंदिराचे उदाहरण घेऊ. या मंदिराचा खालचा शिल्पांकित भाग हेमाडपंती पद्धतीचा असून वरचा भाग नंतरच्या काळातील पुनर्बांधणीचा आहे. संपूर्ण मंदिराचे चित्र एकाच वेळी दाखविल्यास विद्यार्थ्याची दृष्टी शिखराकडे जाते. त्याऐवजी चित्रावर ३० टक्के पारदर्शक काळा आयत ठेवून त्यात शिल्पपट्टाएवढे छिद्र पाडले, तर खालचा भाग उजळ व बाकीचा मंद दिसतो. पुढील स्लाइडवर हेच छिद्र वरच्या भागावर आणावे. दोन कालखंडांच्या बांधकामांतील भेद अशा रीतीने बोट न दाखविता स्पष्ट करता येतो. हाच प्रयोग वनस्पतिशास्त्रात पानाच्या छेदावर, भूगोलात कयाधू व पैनगंगा यांच्या नकाशावर अथवा मराठीच्या तासाला हस्तलिखिताच्या एखाद्या ओळीवर करता येईल.

५. चित्रफितीची निवड व परवाना

‘विनामूल्य’ आणि ‘निर्बंधमुक्त’ हे शब्द समानार्थी नाहीत. विकिमीडिया कॉमन्सवरील साहित्य मुक्त परवान्याखाली असते, तरी त्यांपैकी बहुतेकांसाठी निर्मात्याचा नामनिर्देश आवश्यक असतो. पिक्साबेसारख्या संग्रहाने २०१९ पासून स्वतःचा स्वतंत्र परवाना लागू केला. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेल्या पुनरुत्पादनास सवलत आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अध्ययन-साहित्याच्या छायाप्रतींसंबंधी दिलेल्या निर्णयात या सवलतीचा उदार अर्थ लावला. तथापि वर्गात दाखविणे आणि तेच सादरीकरण यूट्यूबवर सर्वांसाठी टाकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रसंगी प्रत्येक चित्रफितीचा परवाना तपासून त्याची नोंद अखेरच्या स्लाइडवर करणे हा सुरक्षित मार्ग होय.

याहून महत्त्वाचा प्रश्न औचित्याचा आहे. पैनगंगेवरील इसापूर धरणाविषयी बोलताना मागे परदेशातील हिमनदीचे पाणी वाहत असेल, तर विद्यार्थ्याच्या मनात चुकीची प्रतिमा ठसते. भ्रमणध्वनीवर स्वतः घेतलेले वीस सेकंदांचे थोडे हलणारे चित्रीकरणही अशा वेळी स्टॉक चित्रफितीपेक्षा अधिक मोलाचे ठरते.

६. पुराव्याचा प्रश्न

येथवर वाचनीयता व सौंदर्य यांचा विचार झाला. अध्यापकाच्या दृष्टीने खरा प्रश्न विश्वासार्हतेचा आहे. काही वर्षांपूर्वी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या सादरीकरणासाठी प्रस्तुत लेखकाने परिसरातील एका जुन्या वाड्याचे भ्रमणध्वनीवर चित्रीकरण केले, त्याचे रंग काढून टाकले आणि त्यावर जुन्या फिल्मवरील ओरखड्यांचा स्टॉक ओव्हरले टाकला. हेतू केवळ वातावरणनिर्मितीचा होता. सादरीकरणाचे कौतुकही झाले. पुढे प्रकल्पवह्या तपासताना एका विद्यार्थिनीने त्यातील एक चौकट छापून खाली ‘सप्टेंबर १९४८ मधील चित्रीकरण’ असा मजकूर लिहिलेला आढळला. तिची चूक नव्हती. ओरखडे म्हणजे जुनेपणा ही खूण तिने योग्य वाचली होती. ती खूणच खोटी होती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामी राजवट संपुष्टात आली. या लढ्याविषयी ज्या गावांतून आजही आठवणी, कागदपत्रे व छायाचित्रे गोळा करावयाची आहेत, तेथे कृत्रिम जुनेपणा निर्माण करणे म्हणजे खऱ्या साधनांच्या ढिगात खोटी नाणी मिसळणे होय. शांभरिक खरोलिकेच्या प्रेक्षकास आपण माया पाहत आहोत हे ठाऊक होते; खेळाच्या नावातच ती कबुली होती. वर्गातील विद्यार्थी मात्र पडद्यावर दिसेल ते सत्य मानून चालतो. दोहोंतील फरक तंत्राचा नसून कराराचा आहे.

म्हणून पुढील पथ्ये सुचवावीशी वाटतात. ऐतिहासिक साधनावर वातावरणनिर्मितीचा ओव्हरले टाकू नये. पुनर्निर्मित दृश्य असल्यास त्याच स्लाइडवर ‘पुनर्निर्मित’ असे ठळकपणे लिहावे. स्वतः घेतलेल्या चित्रीकरणावर स्थळ व दिनांक द्यावा. मास्क वापरून मूळ चित्राचा काही भाग झाकला असल्यास एकदा तरी संपूर्ण चित्र दाखवावे. कारण काय झाकले आहे हे कळल्याशिवाय काय दाखविले आहे याचा अर्थ पूर्ण लागत नाही.

निष्कर्ष

ओव्हरले व मास्क ही झाकण्याची व उघडण्याची तंत्रे असून त्यांची पाळेमुळे काचपट्ट्यांच्या काळापर्यंत जातात. त्यांमागील गणित साधे असल्याने कोणत्याही विद्याशाखेच्या अध्यापकास ती अल्प सरावाने आत्मसात करता येतील. मजकूर वाचनीय करणे व विद्यार्थ्याचे लक्ष योग्य जागी नेणे हे त्यांचे अध्यापनातील प्रमुख उपयोग होत. निव्वळ शोभेसाठी वापरलेला थर आशयाला झाकतो. परवान्याची नोंद ही कायदेशीर गरज आहे, तर खऱ्या व रचलेल्या दृश्यातील सीमा स्पष्ट ठेवणे ही शैक्षणिक गरज आहे. प्रस्तुत लेखकाने उपरोक्त सादरीकरणातील ओरखड्यांचा थर काढून टाकला असून त्या स्लाइडवर आता चित्रीकरणाचे खरे वर्ष लिहिलेले आहे. वाडा पूर्वीइतका जुना दिसत नाही. परंतु तो केव्हाचा, हे विद्यार्थी आता स्वतःहून विचारतात.