रविवारचा पेपर आणि विश्वासाचा रोजचा सराव

स्पर्धा परीक्षांचे पेपर बहुतेक वेळा रविवारीच येतात. सुट्टीचा दिवस म्हणून बाकीच्यांची सोय होते. पण भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या किंवा नवापूरहून धुळे-जळगावला शिकायला आलेल्या ख्रिस्ती मुलामुलींचं काय? चर्चमध्ये उपासना सुरू होते, तेव्हा त्यांना सेंटरवर हॉलतिकीट घेऊन रांगेत उभं राहावं लागतं.

अशा गोष्टी रोजच्याच. मेसमध्ये जेवणाआधी डोळे मिटले की समोरचा विचारतो, ‘काय भाऊ, झोप लागली का?’ नवी ओळख झाली की प्रश्न ठरलेला, ‘आडनावावरून तर वाटत नाही!’ ग्रुपवर कुणी टोमणा मारतो. उत्तर द्यावं की सोडून द्यावं? वरवर पाहता हे सगळं किरकोळ. पण विश्वासाची खरी तयारी इथेच होते.

आधी सिंह, मग गल्याथ

बायबलमधली दावीद आणि गल्याथ यांची गोष्ट बहुतेकांना ऐकून माहीत असते. पोरसवदा मेंढपाळ गोफणीच्या एका दगडात धिप्पाड योद्ध्याला पाडतो. पण त्याआधीचा भाग कमी सांगितला जातो. ‘तू लहान आहेस, तुला जमणार नाही,’ असं शौल राजा म्हणतो, तेव्हा दावीद आपला अनुभव सांगतो. मेंढरं राखताना सिंह आला, अस्वल आलं, तेव्हा देवानं मला वाचवलं, आताही वाचवेल. म्हणजे रणांगणावरचं धैर्य त्या दिवशी अचानक आलं नव्हतं. कुणी बघत नसताना, रानात, रोजचं काम करताना ते तयार झालं होतं.

लक्ष्मीबाईंचा घडा

ही गोष्ट फार जुनी वाटत असेल, तर आपल्या मुलखातलं उदाहरण घ्या. कवी नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा जेमतेम सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या होत्या. पदरात लहान मुलगा, सोवळ्यात गेलेलं आयुष्य आणि नातेवाइकांत चर्चा. काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्या, तेव्हाही स्वयंपाक वेगळा आणि पाण्याचा घडा वेगळा.

नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या डोळे मिटून मागे गेल्या नाहीत. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुणाच्या पंगतीला बसायचं, असे प्रश्न रोज समोर येत होते. माणसामाणसांत भेद देवानं केला की माणसानं, हा विचार त्यातूनच पक्का होत गेला. 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या निर्णयानं. पुढे संसारातही परीक्षा संपल्या नाहीत. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे आणि घरात पाहुण्यांचा राबता. हे सगळं त्यांनी कधी भांडत, कधी हसत निभावलं.

जळगावची खूण

याच घराचा एक धागा थेट खान्देशात येतो. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्याला ‘बालकवी’ हे नाव मिळालं, तो धरणगावचा त्र्यंबक ठोंबरे पुढे नगरला टिळकांकडे राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोरासारखी माया लावली. 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर वर्षभरानं, 9 मे 1919 रोजी टिळकही गेले.

मोठी परीक्षा ती हीच होती. लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या, वाचायला शिकल्या त्या घरीच. पण टिळकांचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे नेलं आणि साठहून जास्त अध्याय लिहिले. ‘स्मृतिचित्रे’ही लिहिलं. इतकं सोसूनही त्या पुस्तकात कडवटपणा नाही. स्वतःवर हसणं मात्र पानोपानी आहे.

दुःख आपोआप घडवत नाही

अर्थात, प्रत्येक अडचण माणसाला मजबूत करतेच असं नाही. काही जण मोडतात, काही चर्चपासून दूर जातात. ‘देव परीक्षा घेतोय’ असं म्हणून मित्राचं दुःख झटकून टाकणं तर चूकच. अडचण फक्त संधी देते. तिच्याशी आपण कसं वागतो, त्यावर पुढचं ठरतं.

म्हणून रविवारी पेपर असेल, तर पहाटे दहा मिनिटं प्रार्थना करून निघा आणि संध्याकाळची उपासना गाठा. टोमण्याला टोमणा न मारता शांतपणे उत्तर द्या. रूममेट आजारी असेल, तर त्याचा डबा आणून द्या. यातलं काहीच कुणी स्टेटसला ठेवणार नाही. पण उद्या निकाल मनासारखा लागला नाही किंवा घरातलं माणूस गेलं, तर उभं राहायला हीच शिदोरी कामी येते. तो दिवस कधी येईल हे कुणालाच माहीत नसतं, सराव मात्र आजपासून करता येतो.