सीपी चेअर : कंबरेचा पट्टा सगळ्यात आधी का लावायचा आणि सगळ्यात शेवटी का सोडायचा?

सीपी चेअर घरी येते. मुलाला बसवलं जातं, सगळे पट्टे लागतात. थोड्या वेळाने पाहावं, तर मूल घसरून खाली आलेलं असतं. मग घरचे छातीचा पट्टा आणखी आवळतात. नेमकी इथेच चूक होते आणि ती जिवावर बेतू शकते.

सीपी चेअर म्हणजे काय?

मेंदूची वाढ होत असताना त्याला इजा झाली की सेरेब्रल पाल्सी होते. स्नायूंवर पुरेसा ताबा राहत नाही. काही मुलांचं अंग ताठ होतं, काहींचं सैल पडतं. अशा मुलांना डोकं, पाठ, मांड्या आणि पावलं यांना आधार देणारी खुर्ची म्हणजे सीपी चेअर. बसणं स्थिर झालं की हात खेळायला मोकळे होतात, समोर पाहता येतं, घास गिळणंही सोपं जातं.

आधी मापं, मग पट्टे

- बैठक : कंबर अगदी मागे टेकलेली हवी. गुडघ्याची मागची बाजू आणि बैठकीची कड यात साधारण दोन बोटांचं अंतर हवं. बैठक जास्त खोल असेल तर मूल पुढे सरकतं.
- पाय : पावलं पूर्ण टेकलेली हवीत, लोंबकळती नकोत. कंबर, गुडघा आणि घोटा शक्यतो काटकोनात असावेत. सांधा वाकत नसेल तर जोर लावू नये, थेरपिस्टला विचारावं.
- ट्रे : कोपराच्या उंचीला. खांदे वर उचलले जात असतील तर ट्रे उंच आहे.

पट्ट्यांचा क्रम का महत्त्वाचा?

कंबरेचा पट्टा पोटावर नाही, तर पोट आणि मांडी जिथे दुमडते त्या घडीवर बसायला हवा. पट्टा आणि शरीर यात सपाट धरलेली दोन बोटं जेमतेम सरकावीत. हा पट्टा कंबरेला जागेवर धरतो. तो सैल असेल किंवा आधी सोडला, तर मूल खाली घसरतं आणि छातीचा पट्टा गळ्यापाशी येतो. त्याने श्वास कोंडू शकतो.

म्हणून बसवताना आधी कंबर, मग छाती. उठवताना आधी छाती, शेवटी कंबर.

मांड्यांच्या मधला ठोकळाही घसरणं थांबवण्यासाठी नसतो. तो पाय एकमेकांवर चढू नयेत म्हणून असतो. मूल त्यावर येऊन अडकत असेल, तर कंबरेचा पट्टा आणि बैठकीची खोली पुन्हा तपासावी.

रोज वापरताना

- खुर्ची सपाट जमिनीवर ठेवावी, चाकांचे ब्रेक लावावेत. मुलाला एकटं सोडू नये.
- सुरुवात 10-15 मिनिटांनी करावी, मग हळूहळू वेळ वाढवावा.
- भरवताना डोकं मागे झुकलेलं नको, हनुवटी किंचित खाली हवी. नाहीतर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. जेवणानंतरही अर्धा तास मूल सरळ बसलेलं असावं.
- उठवल्यावर पाठ, माकडहाड, मांड्या आणि टाचा पाहाव्यात. लाल वण अर्ध्या तासातही गेला नाही, तर तिथे दाब पडतोय. जखम होण्याआधी थेरपिस्टला दाखवावं.
- घरातली सीपी चेअर गाडीच्या सीटला पर्याय नाही.

मदत कुठे मिळते?

दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल आणि कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर केंद्राच्या एडिप योजनेतून साहित्य मिळतं. कानपूरची सरकारी कंपनी अ‍ॅलिम्को सीपी चेअर बनवते. मापं बसवून घेण्यासाठी फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जावं. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर असलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातही चौकशी करता येते.

एकदा बसवलेली मापं कायमची नसतात. मूल वाढतं, खुर्ची वाढत नाही. दर सहा महिन्यांनी तरी गुडघ्यामागचं ते दोन बोटांचं अंतर पुन्हा पाहायलाच हवं.