टाळेबंदीत खासदाराचा फोन
अमेरिकी काँग्रेसने खर्चाला वेळेत मंजुरी दिली नाही, की अनेक सरकारी कार्यालयांना टाळे लागते. 22 डिसेंबर 2018 पासून ते 35 दिवस टिकले. सुमारे 8 लाख कर्मचारी बिनपगारी राहिले. काही घरी, काही कामावर. अशा वेळी लोक आपल्या खासदाराच्या कार्यालयात फोन करतात. बंद खाते तो एकटा उघडू शकत नाही. पण निवृत्तिवेतन चालू राहील, अडलेल्या अर्जाचे काय, हे नीट सांगणे त्याच्या हातात असते. आणि हे सांगणे फार मोलाचे. त्याचा स्वतःचा पगार मात्र थांबत नाही, म्हणून अनेकांनी तेव्हा तो दान केला किंवा रोखून ठेवायला सांगितला. थकलेला पगार देण्याची हमी कर्मचाऱ्यांना जानेवारी 2019 मध्ये कायद्याने मिळाली.